तलावातलं क्लोरीन जातं कुठे?



परीक्षा संपल्या की घरातल्या मुलांचा पहिला हट्ट पोहण्याचा असतो. घोडबंदर रोडच्या संकुलांत आणि कल्याण-शीळ रस्त्यावरच्या नव्या वसाहतींत पोहण्याचा तलाव आता लिफ्टइतकाच नेहमीचा झालाय. काहींची येऊरला किंवा मुरबाड-बदलापूरकडे घरं आहेत, तिथे अंगणातच छोटा तलाव असतो. या सगळ्या ठिकाणी एक वाक्य हमखास ऐकू येतं, "क्लोरीन कमी दाखवतंय, पावडर वाढवतो."

माझं म्हणणं एवढंच आहे की आधी टाकलेली पावडर गेली कुठे, हे विचारल्याशिवाय नवी टाकू देऊ नये. महिन्याच्या मध्यावर पैसे कमी पडले तर आपण लगेच बँकेत धावत नाही. आधी वही उघडतो, खर्च कुठे झाला ते बघतो. तलावाचा हिशेब याहून वेगळा नाही, आणि वही लिहिण्याची सवय आपल्याइतकी कुणाला आहे?

आधी आकडे समजून घेऊ. हजार लिटर पाण्यात १ ग्रॅम क्लोरीन म्हणजे १ पीपीएम. नळाच्या पिण्याच्या पाण्यात ०.२ पीपीएम मोकळं क्लोरीन उरलेलं असावं, असं आपलं भारतीय मानक सांगतं. तलावात माणसं उतरतात, म्हणून तिथे जास्त लागतं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या सूचनेप्रमाणे किमान १ पीपीएम, आणि पाण्यात स्टॅबिलायझर असेल तर किमान २. पीएच ७ ते ७.८ च्या दरम्यान. १ पीपीएम क्लोरीन असेल तर ई-कोलाय जंतू मिनिटाभरात निकामी होतो, काविळीचा 'अ' विषाणू साधारण १६ मिनिटांत, जिआर्डिया ४५ मिनिटांत. क्लोरीन शून्यावर आलं की ही राखण संपली. नातवंडं पोहताना तेच पाणी गिळतात, म्हणून हा विषय फक्त कमिटीतल्या पुरुषांवर सोडून चालणार नाही.

आता वही उघडू. तलावातलं क्लोरीन तीन खात्यांत असतं.

पहिलं मोकळं क्लोरीन. ही हातातली रोकड, जंतूंशी लढते ती हीच.

दुसरं अडकलेलं क्लोरीन. घाम, लघवी, केसांचं तेल यांच्याशी भिडून जे निकामी झालं ते. ही बुडीत उधारी. वहीत दिसते, बाजारात चालत नाही. तलावाजवळ उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात, तेव्हा लोक म्हणतात क्लोरीन जास्त झालं. बहुतेक वेळा तो वास या अडकलेल्या क्लोरीनचा असतो आणि मोकळं क्लोरीन संपत आलेलं असतं.

तिसरं स्टॅबिलायझरने धरून ठेवलेलं. याचं नाव सायन्युरिक आम्ल. ही मुदत ठेव समजा. उघड्या तलावात स्टॅबिलायझर नसेल तर मे महिन्याच्या उन्हात बरंचसं क्लोरीन दोन तासांत उडून जातं, म्हणून ३० ते ५० पीपीएम स्टॅबिलायझर उपयोगी. पण ते फार वाढलं तर सगळा पैसा मुदत ठेवीत आणि किराण्याला रोकड नाही, अशी गत होते. तलावात टाकतात त्या ट्रायक्लोर गोळ्यांत हे आम्ल असतंच. गोळ्या टाकत राहिलं की हंगामभर ते साठत जातं, आणि कमी करायचं तर काही पाणी काढून नवं भरावं लागतं.

यात पीएचची एक गोम आहे. पीएच ७.५ असताना मोकळ्या क्लोरीनपैकी साधारण निम्मं जोरात काम करतं, ८ झाला की जेमतेम पाव. मोजणीत आकडा तोच दिसतो, पण शंभराच्या नोटेत पंचवीसचीच भाजी यावी तसं होतं.

मोजणीवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. स्वस्त पेटीत पिवळा रंग देणारं द्रावण असतं. ते मोकळं आणि अडकलेलं एकत्र मोजतं, म्हणजे रोकड आणि बुडीत उधारी एकाच रकान्यात. गुलाबी रंग देणारी डीपीडी पेटी घ्या, ती दोन्ही वेगळं दाखवते. तिच्यातही एक फसवणूक आहे. क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग क्षणभर येऊन पांढरा पडतो, आणि माणूस "शून्य आहे" म्हणत आणखी पावडर ओततो. शंका आली तर नमुन्यात तेवढंच क्लोरीन नसलेलं बाटलीचं पाणी मिसळून पुन्हा मोजा, येईल त्या आकड्याची दुप्पट करा. द्रावणाची मुदत बघा. नमुना पाणी आत येतं त्या तोंडापाशी न घेता कोपरभर खोलीवरून घ्या.

आणि आता सगळ्यात कामाची गोष्ट, रात्रीची परीक्षा. सूर्य मावळल्यावर, कुणी पाण्यात नसताना मोकळं क्लोरीन मोजा. पंप चालू ठेवा. पहाटे ऊन यायच्या आत पुन्हा मोजा. रात्री ऊन नाही, पोहणारे नाहीत. तरी १ पीपीएमपेक्षा जास्त घट झाली तर पाण्यातच काहीतरी क्लोरीन खातंय: शेवाळ, कुजलेली पानं, नाहीतर साचलेली घाण. मग घासणं, पानं काढणं, फिल्टर उलट धुणं आणि कुणी उतरणार नाही अशा वेळी एकदा मोठी मात्रा देणं हाच उपाय. रात्री घट नाही, पण दुपारपर्यंत क्लोरीन गायब, तर खाणारं ऊन आहे किंवा गर्दी. तेव्हा स्टॅबिलायझर मोजा. दोन मोजण्यांत चोर कळतो आणि खर्च फक्त चार थेंबांचा.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे, टँकर. उन्हाळ्यात पाणीकपात झाली की ठाण्यात काय, डोंबिवलीत काय, तलावात टँकरचं किंवा बोअरचं पाणी पडतं. त्यात लोह किंवा अमोनिया असेल तर ते येताक्षणीच क्लोरीन गिळतं. टँकर रिकामा होण्याआधी एक बादली पाणी बाजूला काढा, मोजून क्लोरीन टाका आणि तासाभराने किती उरलं ते बघा. जवळजवळ काहीच उरलं नाही, तर तलावाचं काय होणार ते बादलीनेच सांगितलं.

शेवटी खुद्द पावडर. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल तलावात ६०,००० लिटर पाणी मावतं. १ पीपीएम वाढवायला ६० ग्रॅम क्लोरीन हवं. ताज्या ब्लीचिंग पावडरीत साधारण एक तृतीयांश क्लोरीन असतं, म्हणजे १८० ग्रॅम पावडर. आपल्या दमट हवेत उघड्या पोत्यातली पावडर १५ टक्क्यांवर आली असेल, तर त्याच कामाला ४०० ग्रॅम लागतील. ९० टक्क्यांची ट्रायक्लोर असेल तर ६७ ग्रॅम पुरे. मग "रोज दोन डबे टाकतो" या उत्तराला काय अर्थ उरला? आमच्या संकुलातल्या ठेकेदाराचं बिल दरमहा ठरावीक किलोंचं यायचं, आकडा एकाही दिवसाचा नसायचा. आपण किराणा असा घेऊ का?

सांभाळायच्या दोन गोष्टी. ब्लीचिंग पावडर आणि ट्रायक्लोर कधीही एकत्र करू नयेत, एकाच डब्याने मोजूही नयेत, स्फोट होऊ शकतो. आणि पावडर पाण्यात टाकावी, पावडरीवर पाणी ओतू नये.

आता तुमच्या मनातला प्रश्न. आपण घरात पाणी गाळून वापरणारी माणसं, मग क्लोरीनची वकिली कशी करायची? ज्यांनी तलावात न उतरण्याचा नियम घेतलाय त्यांची मी मनापासून अनुमोदना करते. पण तलाव बांधून झालाय, मुलं उतरतायत, आणि देखभालीचे पैसे आपणही भरतोय. अशा वेळी जयणा कशात आहे? दुर्लक्ष करून पाणी हिरवं होऊ द्यायचं, अनंतकाय शेवाळ माजू द्यायचं आणि मग एका रात्रीत पोतंभर पावडर ओतून सगळं संपवायचं, यात मला जास्त हिंसा दिसते. रोज थोडं, मोजून ठेवलं तर जीवोत्पत्तीच कमी होते. आपण फरशीवर पाणी सांडू देत नाही, धान्य वेळेवर निवडतो, उष्टं ठेवत नाही, ते याच विचाराने. पोहण्याआधी साबणाने अंघोळ, केसांचं तेल धुणं, लहानांना आधी बाथरूमला नेणं, यानेही क्लोरीन कमी लागतं. तो संस्कार तर घरातूनच द्यायचा आहे.

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत तीन मागण्या करा. तलावाशेजारी एक वही असावी. तिच्यात सकाळ-संध्याकाळ मोकळं क्लोरीन, एकूण क्लोरीन, पीएच आणि टाकलेल्या पावडरीचं वजन लिहिलेलं असावं. दुसरी, ठेकेदाराचं बिल या वहीशी ताडूनच मंजूर व्हावं. तिसरी, मोकळं क्लोरीन १ पीपीएमच्या खाली गेलं, किंवा स्टॅबिलायझर असताना २ च्या खाली गेलं, तर त्या वेळी तलाव बंद, मग मुलांनी कितीही रडारड केली तरी. अंगणातल्या तलावाला सभा नसते, पण वही तिथेही लागते. शनिवारी मुलं पोहोचायच्या आत, शुक्रवारी रात्री आणि शनिवारी पहाटे राखणदाराकडून मोजून घ्या आणि आकडा फोनवर विचारा.

कुणी म्हणेल, बायकांना यातलं काय कळतं? त्यांना विचारा, काल रात्री किती होतं आणि आज पहाटे किती? उत्तर आलं नाही, तर वही आपल्या हातात घ्यायची.