खोकल्याला नाव पाहिजे

आपल्या वस्तीत कुणी मेलं आणि कशानं मेलं असं विचारलं, की उत्तर ठरलेलं. ‘खोकून खोकून गेला.’ बस्स. पंचनामा खलास. बंगल्यातला माणूस मरतो तेव्हा त्याच्या आजाराला नाव असतं, नावाची फाईल असते, फाईलवर मोठ्या डॉक्टरची सही असते. आपला माणूस नुसताच खोकतो. बिननावाचा खोकतो आणि बिननावाचा मरतो.

ह्या समाजानं आपल्या बापजाद्यांना नावं दिली ती कचरू, धोंडू, दगडू अशी. ती आपण उचलून फेकली आणि आपली नावं आपण ठेवली. आजाराच्या बाबतीत मात्र अजून दुसऱ्यानं सांगितलं तेच खरं. दुसरा सांगतो, ‘साधा खोकला हाय, होईल बरा.’

नाव पडलं की जबाबदारी पडते, म्हणून हा विषय. खोकला म्हटलं की तो तुझ्या छातीचा, तुझ्या विडीचा, तुझ्या नशिबाचा. क्षय म्हटलं की गोळ्या द्यायला सरकार बांधील होतं. बिसिनोसिस म्हटलं की मालकाला तोंड उघडावं लागतं. म्हणूनच नाव कुणाला नको असतं. मालकाला नको, गल्लीतल्या डॉक्टरला नको. आणि दोस्तांनो, खरं बोलायचं तर आपल्यालाही नको. पोरीचं लग्न मोडेल, शेजारी पाणी पिणार नाहीत, म्हणून आपणच चादर ओढून खोकतो.

सोलापूरचा खोकला एका जातीचा नाही. हे गाव सुतावर आणि तंबाखूवर उभं राहिलं. जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी बंद पडल्या, भोंगे थांबले. पण यंत्रमाग राहिले, चादर-टॉवेल राहिले, आणि घराघरात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बाया राहिल्या. पूर्व भागातल्या तेलुगू पद्मशाली बाया, मुसलमान बाया, आपल्या बाया. धूळ सगळ्यांच्या छातीत सारखीच जाते. तेव्हा आधी कोणता खोकला कोणता, ते नीट समजून घेऊ.

पहिला मान क्षयाचा, म्हणजे टीबीचा. शास्त्रपुराणात ह्याला राजयक्ष्मा म्हणतात. दक्षानं शाप दिला आणि चंद्राला तो झाला, म्हणून चंद्र झिजतो! शापाची ही थाप ह्या देशात शतकानुशतकं चालली. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉखनं बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जगापुढं मांडला आणि शापाचा धंदा तिथंच संपायला पाहिजे होता. आपल्याकडं अजून कोण उतारा टाकतंय, कोण अंगारा लावतंय, कोण गळ्यात ताईत बांधतंय. जंतूला ताईत दिसत नाही.

हा जंतू हवेतून जातो. फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकला, शिंकला, की बारीक थेंबांतून तो उडतो आणि कोंदट खोलीत तासन्‌तास तरंगतो. ताटवाटीतून तो जात नाही. हात लावल्यानं जात नाही. म्हणजे आजाऱ्याचं ताट वेगळं काढणं हा शुद्ध अडाणीपणा आहे, आणि हा अडाणीपणा आपण करावा? वेगळं ताट आणि वेगळा पेला म्हणजे काय, हे आपल्याला दुसऱ्यानं शिकवायला नको. वेगळं काढायचंच असेल तर खिडकीचं झाकलेलं पोतं काढा. हवा खेळू द्या.

जंतू अंगात शिरला म्हणजे आजार झालाच असं नाही. बहुतेकांच्या अंगात तो निपचित पडून राहतो. अंगाची ताकद गेली की उठतो. उपाशी, अर्धपोटी राहणारा, दारूनं पोखरलेला, विडी-सिगरेट ओढणारा, साखरेचा आजार असलेला, एचआयव्ही असलेला – ह्यांच्यावर तो आधी झडप घालतो. जंतूला जात नाही असं प्राध्यापक लोक भाषणात सांगतात. बरोबर आहे, जंतूला नाही. पण दहा बाय दहाच्या खोलीला आहे. रेशनच्या तांदळाला आहे. गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराच्या नोकरीला तर आहेच आहे.

लक्षणं पाठ करा. दोन आठवड्यांच्या वर खोकला. संध्याकाळच्याला बारीक ताप. रात्री घाम सुटून अंगरखा भिजतो. भूक मरते, वजन उतरतं, पँट ढिली व्हायला लागते. छातीत दुखतं, कधी बेडक्यात रक्त पडतं. पण रक्ताची वाट बघत बसू नका, सगळ्यांना ते पडत नाही. शिवाय क्षय नुसता छातीचा नसतो. मानेला न दुखणाऱ्या गाठी येतात, तोही क्षय असू शकतो. पाठीचा मणका धरतो, मेंदूचं आवरण धरतो. बाईच्या गर्भाशयाला धरतो, मूल राहत नाही, आणि सासू म्हणते वांझोटी. सवत आणायची बोलणी सुरू होतात. तपासणी कुणी केली? कुणीच नाही.

आता आपल्या गल्लीत काय होतं ते सांगतो. माणूस तीन आठवडे खोकतो, मग कामाचा खाडा नको म्हणून रात्री नऊ वाजता डॉक्टरकडं जातो. डॉक्टर एक सुई टोचतो, लाल औषध देतो, जास्त पैसे असले तर सलाईन लावतो. सलाईन म्हणजे मिठाचं नाहीतर साखरेचं पाणी! त्यानं क्षयाचा केसही वाकडा होत नाही. पण आपल्यालाच बाटली लावल्याशिवाय दवाखान्यात गेल्यासारखं वाटत नाही, हेही तितकंच खरं. काही अँटिबायोटिक गोळ्या तर अशा आहेत की त्यांनी क्षय थोडे दिवस दबतो, ताप उतरतो, माणूस खूश. आणि खरं निदान महिना-दोन महिने पुढं जातं. तेवढ्यात घरातली पोरं लागण घेऊन बसलेली असतात.

निदान सुईनं होत नाही, बेडक्यानं होतं. बेडका सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. आता त्याहून चांगली यंत्रं आलीत – सीबीनॅट, ट्रूनॅट. ट्रूनॅट तर आपल्या शेजारी गोव्यातल्या कंपनीनं बनवलंय. जंतू आहे का, आणि रिफाम्पिसिन ह्या मुख्य औषधाला तो दाद देतो का, हे ती काही तासांत सांगतात. सोबत छातीचा एक्स-रे. सरकारी दवाखान्यात ह्याचे पैसे नाहीत. कुणी मागितले तर पावती मागा.

उपचार सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं – आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. पुढं चार महिने पायराझिनामाइड वगळून बाकीची तीन. रोज. गोळ्यांनी लघवी केशरी होते, त्याला घाबरू नका, तो रिफाम्पिसिनचा रंग आहे. पण डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, नजर धूसर झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरला गाठा. आणि ह्या सहा महिन्यांत दारू बंद. गोळी आणि दारू दोन्ही लिव्हरवरच जातात. पुढाऱ्यासारखं गोड बोलून सांगत नाही, बंद म्हणजे बंद.

खरा घोटाळा तिसऱ्या महिन्यात होतो. ताप गेलेला असतो, वजन वाढतं, खोकला थांबतो. माणूस म्हणतो, ‘बरं झालोय की, कशाला गोळ्या खायच्या?’ मागावर परत जातो. अंगात उरलेले जंतू मग औषधाला निबर होतात आणि हटवादी क्षय सुरू होतो. ह्याचे उपचार पूर्वी वीस-वीस महिने चालायचे, त्यातल्या सुयांनी माणसं बहिरी झालीत. २०२४ च्या सप्टेंबरात सरकारनं बीपाल्म ही सहा महिन्यांची नुसत्या गोळ्यांची पद्धत मंजूर केली, ती मोठी सोय झाली. पण त्या वाटेला जाण्याची वेळ कशाला आणायची?

गोळी सोडणाऱ्याला ‘बेजबाबदार’ म्हणणारे पांढरपेशे मला माहीत आहेत. त्यांना एकच विचारतो. २०२४ च्या मार्च-एप्रिलात देशभर सरकारी दवाखान्यांत क्षयाच्या गोळ्यांचा तुटवडा पडला, राज्यांना तुमच्या पातळीवर विकत घ्या असं केंद्रानं कळवलं, तेव्हा बेजबाबदार कोण होतं? २०१८ साली पंतप्रधानांनी २०२५ पर्यंत क्षय संपवू असं जाहीर केलं. २०२५ सरलं. जगातल्या दर चार क्षयरोग्यांपैकी जवळपास एक भारतातच आहे. पोटाला मिळावं म्हणून रोग्याच्या खात्यात एप्रिल २०१८ पासून महिना ५०० रुपये, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये ठरले. ह्या रकमेला भीक म्हणू नका. ती मागा, खात्यात आली का बघा, नाही आली तर पुन्हा मागा. कारण भूक हा ह्या आजाराचा अर्धा जंतू आहे. झारखंडात क्षयरोग्यांच्या घरच्यांना महिन्याचं जादा धान्य आणि डाळ देऊन बघितली. त्या घरांतला नवा क्षय जवळपास ४० टक्क्यांनी कमी झाला. हा अभ्यास २०२३ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. डाळीनं क्षय अडतो, हे आपल्या आयांना ठाऊक होतं. डाळ नव्हती.

आणखी एक जुनी गोष्ट मुद्दाम सांगतो. पूर्वी क्षयाला सॅनेटोरियम हाच उपाय मानायचे – थंड हवा, अंडी, दूध, विश्रांती. म्हणजे पैसेवाल्याचा उपाय. १९५६ साली मद्रासला गरीब रोग्यांचे दोन गट केले. एकाला सॅनेटोरियममध्ये ठेवलं, दुसऱ्याला त्याच्याच झोपडीत ठेवून गोळ्या दिल्या. १९५९ साली निकाल छापला. झोपडीतले जवळपास तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना जादा लागणही झाली नाही! साऱ्या जगानं त्यावरून उपचार बदलले. तेव्हा कुणी म्हणालं की बाईला क्षय झालाय, माहेरी धाडा, तर त्याला मद्रास सांगा. चांगल्या गोळ्या सुरू झाल्या की थोड्या आठवड्यांत लागण द्यायची ताकद बहुतेकांत ओसरते. तेवढे दिवस तोंडाला फडकं, खिडकी उघडी, आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी. त्यांना आजार नसला तरी प्रतिबंधाच्या गोळ्या मिळतात, त्या मागून घ्याव्यात.

पण प्रत्येक खोकला क्षय नसतो, आणि इथं मालक सुटतो. कापसाच्या धुळीत, विशेषतः पिंजण आणि कार्डिंग खात्यात, वर्षानुवर्षं राबलेल्याची छाती सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी आवळते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरं वाटतं. म्हणून ह्याला ‘सोमवारचा ताप’ म्हणायचे. मग आवळणं रोजचं होतं, जिना चढवत नाही, शेवटी बसल्या जागी धाप. हा बिसिनोसिस. बेडक्यात जंतू सापडत नाही, एक्स-रेत फारसं दिसत नाही. पाळीच्या आधी आणि पाळीनंतर फुंकर मोजायची तपासणी केली तरच पकडला जातो. लवकर धुळीतून बाहेर काढलं तर माणूस सावरतो. उशिरा काहीच करता येत नाही. विणाईत पिंजणापेक्षा धूळ कमी, पण आहेच. (मागाच्या खडखडाटानं कान जातात, तो वेगळा लेख होईल.)

ह्या आजाराचं नाव कारखाना कायद्याच्या आणि भरपाई कायद्याच्या यादीत होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते कायदे नव्या श्रमसंहितांत गेले, तिथल्या यादीतही ते आहे. म्हणजे डॉक्टरनं कागदावर ‘दमा’ लिहिलं तर तो तुझा दमा, आणि ‘बिसिनोसिस’ लिहिलं तर भरपाईचा दावा. एका शब्दाचा फरक. डॉक्टरला स्पष्ट सांगा, ‘साहेब, मी वीस वर्षं सुतात हाय. कामाचं लिहा.’ बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते, त्याच काळात, १९४४ साली, कामगार विम्याचा आडारकर अहवाल आला. १९४८ साली कायदा झाला. त्या विम्याची पायरी दहा कामगारांची. आणि एका शेडचे कागदावर चार मालक दाखवून दहाचा आकडा टाळायची युक्ती यंत्रमागाच्या धंद्यात जुनी आहे.

विडीवाल्या बाईची गत तर त्याहून बेक्कार. तिचं घर हाच तिचा कारखाना. तंबाखूची भुकटी नाकातून जाते, निकोटीन हाताच्या कातडीतून आत जातं. ती विडी ओढत नाही तरी तंबाखू तिच्या रक्तात. खोकला, डोळ्यांची जळजळ, डोकं गरगरणं, वाकून वाकून गेलेली कंबर. पांडुरोग म्हणजे अंगात रक्त कमी, तो तर घरोघरी. १९७६ च्या कायद्यानं विडी कामगार कल्याण निधी निघाला होता. त्यात क्षयाच्या उपचाराची, दवाखान्यात खाटा राखून ठेवायची तरतूद होती. विडीवरच्या उपकरावर तो चालायचा. २०१७ साली जीएसटी आला आणि उपकर गेला. शाखेवर विड्या टाकायला गेलं की छाट काढायला माणूस असतो. बाईची छाती तपासायला कुणी नसतो.

ह्या बायांनी निदान एवढं करावं. तंबाखू झोपायच्या खोलीत ठेवू नये, वळताना नाकाला ओला रुमाल, जेवायच्या आधी साबणानं हात, तान्ह्या पोराला सुपाजवळ निजवू नये. ह्यानं शोषण थांबत नाही हे मलाही कळतं. पण तोवर पोरगं तरी वाचेल.

आपल्या पोरांनी पुतळ्याला हार घालून झाल्यावर थोडा वेळ काढावा. थोरला राजवाडा, मिलिंदनगर, विडी घरकुल, सेटलमेंट – गल्ली गल्ली फिरून एकच प्रश्न विचारावा, दोन आठवड्यांच्या वर कोण खोकतंय? यादी करा. यादी घेऊन महापालिकेच्या दवाखान्यात नाहीतर सिव्हिलला माणसं स्वतः घेऊन जा. आणि महापालिकेकडं मागणी लावून धरा की तपासणी संध्याकाळीही चालू पाहिजे. सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात बारा तासांच्या पाळीचा माणूस येणार कसा?

बेडका द्यायचा तो शक्यतो सकाळी उठल्या उठल्याचा. पाण्यानं चूळ भरा, दोन-तीनदा खोल श्वास घ्या, छातीतून खोकून काढा. थुंकी चालत नाही, घट्ट बेडका पाहिजे. घरात नको, उघड्यावर जाऊन काढा. डबी दवाखान्यातच मिळते. झाकण घट्ट लावा, डबीवर नाव घातलंय का ते बघा, आणि निकाल कोणत्या दिवशी मिळणार ते विचारूनच खिडकी सोडा.