ऊसतोडणीच्या तळावर पाळणाघर सुरू करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. साखर आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय : ऊसतोडणीला जाणाऱ्या आयांच्या मुलांचा सांभाळ व मानसिक आरोग्य.

महोदय,

धारूर, वडवणी, पाटोदा आणि शिरूर कासार तालुक्यांतून दरवर्षी ऊसतोडणीला जाणाऱ्या आम्ही आया आणि आमच्या मुलांना शिकवणारे शिक्षक व अंगणवाडी सेविका आपणांस हे निवेदन देत आहोत. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या गाव सोडतात, त्या पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत.

आई कामाला जाते म्हणून पोर बिघडते, असे आम्हाला वारंवार ऐकवले जाते. ते आम्हाला मान्य नाही. आमच्या कष्टावर घर चालते, मुलांच्या वह्या-पुस्तकांचे भागते. मुलांच्या मनाला इजा होते ती हे काम ज्या रीतीने करून घेतले जाते त्यामुळे.

मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाई मागे राहिली तर अर्धाच कोयता उरतो आणि उचल फिटत नाही. म्हणून ओली बाळंतीणसुद्धा फडात उतरते. पहाटे अंधारात निघायचे, दिवसभर तोडायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. कोपीवर परतले की चूल पेटवायची. एवढे झाल्यावर मुलाशी दोन शब्द बोलायचे त्राण आईत राहत नाही. तान्हे मूल दिवसभर पाचटावर, आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या हवाली. त्या बहिणीची शाळा सुटते ती सुटतेच. ती थोडी मोठी झाली की तळावर तिला राखायचे कसे या धास्तीने लग्न उरकून टाकले जाते. बालविवाहाबद्दल आम्हाला बोल लावणाऱ्यांनी ही धास्तीही समजून घ्यावी.

आजीजवळ गावी राहिलेल्या मुलांचे दुखणे वेगळे आहे. टोळ्या गेल्यावर वर्गातले बोलके पोर गप्प होते. झोपेत अंथरूण ओले करते, जेवण टाकते, पोट दुखते म्हणून शाळा बुडवते. दवाखान्यात दाखवले तर पोटात काही निघत नाही. आई परत येते तेव्हा दोन वर्षांचे लेकरू तिच्याकडे यायला तयार नसते, आजीच्या पदराआड लपते. या दुखण्याला औषध नाही असे नव्हे, पण ते विचारायला आमच्याकडे कोणी येत नाही.

शाळकरी मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत, २०२१ पासून संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही आहे. सहा वर्षांखालचे मूल मात्र यांपैकी कशातच बसत नाही. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर असावे अशी तरतूद २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात आली, २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. पण आम्ही कागदावर मुकादमाची माणसे ठरतो आणि कारखान्यावरची जबाबदारी टळते. ऊस त्याच कारखान्याच्या गव्हाणीत पडतो. म्हणून जबाबदारीही त्याचीच असली पाहिजे.

गाळप परवाना आपल्या कार्यालयातून मिळतो. आमची मुख्य मागणी ही, की तोडणी कामगारांच्या प्रत्येक मोठ्या तळावर पाळणाघर असणे ही त्या परवान्याची अट करावी. पाळणाघर पहाटे टोळी निघण्याआधी उघडावे आणि शेवटची आई परतल्यावर बंद व्हावे. दहा ते पाचच्या पाळणाघराचा आम्हाला उपयोग नाही. टोळीतल्याच एखाद्या प्रौढ बाईला प्रशिक्षण देऊन तिथे नेमावे आणि तिला तोडणीइतकी मजुरी द्यावी, म्हणजे मुलांना आपली बोली बोलणारे माणूस मिळेल. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याचा निर्णय झालेला आहे. त्यातला ठरावीक हिस्सा यासाठी राखून ठेवण्याची शिफारस आपण करावी.

उचल आणि मजुरीचा करार बाईच्या नावाने स्वतंत्र व्हावा, पैसे तिच्या खात्यात यावेत. बाळंतपणानंतर सहा महिने घरी राहायचे ठरवणाऱ्या आईच्या घरावर अर्ध्या कोयत्याचा बोजा पडू नये.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर हंगामात तळावर यावेत, आणि टोळ्या गेल्यावर आमच्या गावच्या शाळांतही. टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक तळावर व वसतिगृहात मराठीत लावावा. वसतिगृहातल्या मुलांना रोज ठरलेल्या वेळी आईशी फोनवर बोलू द्यावे. या शेवटच्या मागणीला फारसा खर्चही नाही.

येत्या हंगामाचे बॉयलर पेटण्याआधी आपण कारखाने, महामंडळ, आरोग्य व महिला-बालविकास विभाग यांची एकत्र बैठक बोलवावी आणि त्या बैठकीला आमच्यातल्या आयांनाही बसवावे, ही कळकळीची विनंती.

आपल्या नम्र,
ऊसतोड कामगार माता, शिक्षक व अंगणवाडी सेविका
(सह्या व अंगठे सोबत जोडले आहेत)

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी, बीड