मातृभाषेचा रकाना

अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज भरताना मुलीने नाव, जन्मतारीख, रक्तगट, आईचे नाव हे रकाने भराभर भरले आणि ‘मातृभाषा’ या शब्दापाशी येऊन सहज विचारले, “आई, इथे मराठीच ना?” प्रश्न उत्तराची अपेक्षा न ठेवता विचारलेला होता, पण आईच्या तोंडून होकार चटकन निघेना. चुलीवरचे दूध उतू जाऊ लागले, तशी ती आत वळली आणि अर्ज तेवढ्यापुरता तिथेच राहिला.

सांगलीच्या पेठेतले हे घर हळदीच्या आडतीचे. पहाटे या घरात णमोकार मंत्र प्राकृतात उमटतो. नऊ वाजता शेजारच्या कच्छी कुटुंबाशी गुजरातीत बोलणे होते, दुकानात मारवाडी व्यापाऱ्यांशी त्यांच्या वळणाची हिंदी चालते, अथणी-जमखंडीकडचा शेतकरी आला की तोलाईदार कानडीत भाव सांगतो आणि मुले शाळेतून इंग्रजी घेऊन येतात. एकाच पोत्यातल्या मालाला मराठीत हळद, कानडीत अरिशिण. (ओली हळद कंद म्हणून वर्ज्य आणि वाळली की ग्राह्य, हा बारकावा मात्र कोणत्याही भाषेत समजावून सांगताना या घराची दमछाक होते.) बाजारात भाषा वापरायची ती सौदा होण्यासाठी, तिथे कोणी कोणाच्या व्याकरणाला हसत नाही. हसणे होते ते घरात आणि शाळेत.

तिचे माहेर सातारा जिल्ह्यातले फलटण. घराणे हुमड जैनांचे. पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी गुजरातेकडून आलेले. घरातल्या बोलीत गुजरातीचा सूर अजून रेंगाळत होता. शाळेच्या पहिल्याच वर्षी वर्गात उभे राहून उत्तर देताना घरचा एक शब्द तोंडून गेला आणि सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून ती बोलण्याआधी प्रत्येक वाक्य मनात तपासून घेऊ लागली. पुढे लग्न होऊन सांगलीस आल्यावर इथल्या ‘काय करायलाईस’च्या ठेक्यापुढे तिची मराठी पुस्तकी ठरली. माहेरी अशुद्ध, सासरी अतिशुद्ध! आपल्याला कोणतीच भाषा धड येत नाही, ही तिची स्वतःविषयीची समजूत अशी दोन गावांनी मिळून घडवली होती. म्हणून मुले झाल्यावर तिने ठरवले की यांना नीट मराठी आणि उत्तम इंग्रजी, एवढे दोनच धागे द्यायचे. बाकीचा गुंता आपल्यापाशीच संपवायचा. हेतू मायेचा होता, पण निर्णय चुकीचा होता.

सासूबाई अथणीकडच्या. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत अथणी म्हैसूर राज्यात गेली, सांगली मुंबई राज्यात राहिली. सोयरिकी मात्र त्या रेषेला न विचारता चालत राहिल्या. सून म्हणून त्या सांगलीस आल्या तेव्हा त्यांना घरचे कानडी तेवढे येत होते. निर्जीव वस्तूला स्त्रीलिंग-पुल्लिंग असते हेच कानडीला ठाऊक नाही. त्यामुळे ‘तो भाकरी’ आणि ‘ती दिवा’ असे त्यांच्या तोंडून निघे आणि दीर-नणंदा पोट धरून हसत. दोन-तीन वर्षे त्या जवळजवळ मुक्याच राहिल्या. मग अशी मराठी शिकल्या की ऐकणाऱ्याला माहेर कळू नये. कानडी त्यांनी माहेरच्या लुगड्यांसारखे पेटीच्या तळाशी घालून ठेवले. पोटच्या मुलालाही त्यांनी ते शिकवले नाही. त्याला जे येते ते दुकानातून उचललेले. एकाच छपराखाली वीस वर्षे नांदलेल्या या सासू-सुनेचे दुखणे एकच होते, आणि ते दोघींनी एकमेकींना कधी सांगितले नाही.

2019 च्या ऑगस्टात कृष्णेने पेटीचे झाकण उघडले. आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी तिथे 45 फूट धरतात. 2005 चा पूर ज्यांनी पाहिला होता त्यांनाही इतके पाणी येईल असे वाटले नव्हते. खालच्या मजल्यावरची पोती भिजली, वीज गेली, सारे कुटुंब माडीवर जमले. नात तेव्हा पाचवीत. अंधारात खालून पाण्याचा आवाज येई आणि ती दचकून उठे. तेव्हा आजीने तिला मांडीवर घेतले आणि हलक्या आवाजात कानडीत काहीतरी पुटपुटायला सुरुवात केली. त्यातले अक्षरही मुलीला कळले नाही, पण ती झोपली. आईने ते ऐकले, नवल केले, आणि पूर ओसरल्यावर चिखल काढण्याच्या धांदलीत ती विसरूनही गेली.

पुढे सासूबाईंना विस्मरणाचा आजार जडला. अशा आजारात पुष्कळदा उशिरा शिकलेली भाषा आधी सुटते आणि बालपणीची मागे उरते. तसेच झाले. अर्ध्या शतकाच्या कष्टाने मिळवलेली मराठी दोन वर्षांत निघून गेली. एका हिवाळी संध्याकाळी त्या पुन्हा पुन्हा एकच शब्द म्हणत होत्या, “हसिवु, हसिवु.” सुनेला वाटले, काही आठवून हसू येत असावे. ती त्यांच्याकडे पाहून हसली, दोन गमतीच्या गोष्टीही सांगितल्या. त्या रडवेल्या झाल्या. दिवस मावळला. दुकानातून मुलगा घरी आला आणि त्याने अर्थ सांगितला. हसिवु म्हणजे भूक.

ताट वाढून समोर आणले, तेव्हा म्हातारीने खिडकीबाहेरच्या अंधाराकडे पाहिले आणि ताट हाताने दूर सारले. नावे गेली होती, माणसे गेली होती, पण सूर्यास्तानंतर अन्न घ्यायचे नाही हे गेले नव्हते. त्या रात्री त्या उपाशी झोपल्या, आणि सूनही जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने एक वही केली. शब्द सांगायला दुकानातला तोलाईदार होता, आणि भांडी घासायला येणारी विजापूरकडची बाईही. पलीकडच्या जत तालुक्यात कानडी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत, त्यांची पहिलीची पुस्तके कोणीतरी आणून दिली. पण लिपीच्या वाटेला न जाता तिने देवनागरीतच लिहून घेतले. मळे म्हणजे पाऊस, होळे म्हणजे नदी, ऊट म्हणजे जेवण, साकु म्हणजे पुरे. चुका होत. सासूबाई त्या चुकांना हसत, आणि आश्चर्य असे की या हसण्याने तिला लाज वाटत नसे. शिकता शिकता तिच्या ध्यानात आले की अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे शब्द ती जन्मभर वापरतच आली होती आणि ते मुळात कानडीकडचे. ज्याला ती स्वच्छ मराठी म्हणत होती, तिच्या स्वयंपाकघरातच कानडी बसलेले होते.

फलटणच्या लहानपणीची एक गोष्ट मग तिला नव्याने कळली. धवला टीका नवव्या शतकातील वीरसेनाचार्यांची, भाषा प्राकृत आणि संस्कृत यांचे मिश्रण. ती शतकानुशतके जपली गेली मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर, जुन्या कानडी लिपीत. विसाव्या शतकात ती देवनागरीत आली, हिंदी अनुवादासह छापली गेली आणि आचार्य शांतिसागरांच्या प्रेरणेने ताम्रपटांवर कोरून फलटणास ठेवली गेली. आचार्य स्वतः बेळगाव भागातले. आईचा हात धरून तिने त्या ताम्रपटांना नमस्कार केलेला होता. त्या ग्रंथाची मातृभाषा कोणती, असे तेव्हा कोणी विचारले नव्हते.

त्याच मूडबिद्रीकडून आलेले आणखी एक घराणे वाळवे तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. त्या घरातले कर्मवीर भाऊराव पाटील, सगळ्यांचे अण्णा. 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापून पुढे 1924 मध्ये त्यांनी साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्या मुलांच्या आई झाल्या. पीठ संपले तेव्हा त्यांनी दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही. 1930 मध्ये त्या गेल्या. त्या स्वयंपाकघरात किती गावांच्या किती बोली बसून जेवल्या असतील! मुलाला भूक कोणत्या शब्दात लागते याची चौकशी तिथे जेवणाच्या आड आली नसणार. सांगलीच्या घरातल्या सुनेला मात्र ती चौकशी करावी लागली, तीही एका म्हातारीला उपाशी ठेवल्यानंतर. ही बोच तिच्या मनातून जात नाही आणि जावी असे तिला वाटतही नाही.

जुलैत सांगलीचे लोक सकाळी उठून दोन आकडे विचारतात: कोयनेचा विसर्ग किती आणि आयर्विनला फूट किती. महाबळेश्वरात निघालेली कृष्णा वाई, माहुली, कऱ्हाड करीत इथे येते, हरिपुराला वारणा घेते आणि पुढे सासूबाईंच्या माहेराकडे जाते. फलटणचे पाणी मात्र बाणगंगेतून नीरेला आणि नीरेतून भीमेला; ते कृष्णेला भेटते ते पार रायचूरकडे. खिडकीशी बसवलेल्या सासूबाईंना सून ही वाट रोज सांगते, अर्धी कानडीत, अर्धी मराठीत, आणि मध्येच नकळत फलटणच्या घरचा एखादा शब्दही येऊन जातो. तो आता ती गिळत नाही.

अर्जाचा प्रश्न रात्री सुटला. संगणकावर एकाच भाषेची निवड करता येत होती, तेव्हा मुलीने ‘मराठी’ निवडले आणि अर्ज पाठवला. त्यात खोटे काहीच नव्हते. मग तिने आईच्या वहीची पाने चाळली आणि विचारले, “यातले रोज पाच शब्द मला शिकवशील?”

आई उत्तर देणार तोच आतल्या खोलीतून हाक आली, “अव्वा!” अव्वा म्हणजे आई. सत्तरी ओलांडलेली म्हातारी आपल्या सुनेला हाक मारीत होती.

“बंदे,” ती म्हणाली, आले हं, आणि उठली.