स्वस्त शेअर घेण्यापूर्वी

भगिनींनो, सेलमधली चादरसुद्धा आपण सूत चाचपून, रंग जातो का ते पाहूनच घेतो ना? मग शेअर घेताना नुसता भाव का पाहायचा? अमेरिकेतले वॉरेन बफे हिशेबाला मोठे पक्के. पण ‘बर्कशायर हॅथवे’ ही कापडगिरणी स्वस्त दिसली म्हणून १९६५ मध्ये त्यांनी ताब्यात घेतली. नवी यंत्रे आणावीत, तर इतर गिरण्याही आणत, फायदा गिऱ्हाइकाचा! अखेर १९८५ मध्ये कापडाचे काम बंद केले. गिरणी बंद पडणे म्हणजे काय, हे सोलापूरकरणींना का सांगायला हवे? आपली जुनी मिल १९४९ मध्ये बंद पडली, तेव्हा सरकारला खास कायदा करून कारभार हाती घ्यावा लागला होता. घरखर्चातून साठवलेले पैसे गुंतवण्याआधी कंपनीचा वार्षिक अहवाल मागून घ्या. नफा आणि देणे, दोन्ही त्यात छापलेले असते.