कोर्टात हरलो, पण महाराष्ट्र मिळाला



पाळी सुटली की चहाच्या टपरीवर दोन तऱ्हेची माणसं भेटतात. एक म्हणतो, "कोर्टात जा, सारा न्याय तिथंच हाय." दुसरा म्हणतो, "कोर्ट सरकारचंच, तिथं काय ठेवलंय?" मी चार यत्ता शिकलेला माणूस, पण युनियनच्या कामापायी कोर्टाच्या पायऱ्या पुष्कळ झिजवल्या. माझ्या मते दोघंही चुकतात. आपल्या राज्याचाच दाखला घ्या.

1956 साली संसदेत आलेल्या राज्य पुनर्रचना बिलात महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा आणि मुंबई शहर दिल्लीच्या ताब्यात, असा घाट होता. मुंबईच्या विधिमंडळाचं मत घेतलं ते यावर. मागून संसदेनं बिलच फिरवलं आणि द्वैभाषिक मुंबई राज्य उभं केलं. आपला वर्धा जिल्हाही 1 नोव्हेंबर 1956 ला मध्य प्रदेशातून निघाला तो त्यातच पडला. बाबुलाल पराते या अर्जदारानं मुंबई हायकोर्टाला विचारलं : घटनेच्या कलम 3 प्रमाणं विधिमंडळाचं मत घ्यायचं असतं, मग या नव्या योजनेवर ते कुठं घेतलं? सवाल रास्त होता. हायकोर्टानं अर्ज फेटाळला. ऑगस्ट 1959 मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच धरलं. मूळ प्रस्ताव एकदा मतासाठी धाडला की पुरे. संसदेनं दुरुस्ती केली म्हणून पुन्हा धाडायची गरज नाही.

आता नीट बघा. द्वैभाषिक चांगलं की वाईट, हे न्यायमूर्तींनी सांगितलंच नाही. ते त्यांचं कामच नव्हे. घटनेनं आखलेली वाट संसदेनं सोडली काय, एवढंच त्यांनी तपासलं. राज्य घडवायचं संसदेनं, आणि संसदेला हलवायचं जनतेनं. ते आपल्या वाडवडलांनी केलं. शंभरावर माणसं हुतात्मा झाली. 1957 च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीनं पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला पाणी पाजलं. (आमच्या विदर्भात मात्र मतं काँग्रेसकडंच जास्त गेली, आणि इथं वेगळ्या विदर्भाचीही मागणी होती. खोटं कशाला बोलू?) कोर्टाच्या निकालाला वर्ष होण्याआधीच, संसदेनं नवा कायदा केला आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला.

मग कोर्ट फुकटच? नाही. मंत्र्याला नावडला म्हणून न्यायमूर्तीला घरी बसवता येत नाही. त्याला दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागतं. म्हणूनच तो सरकारच्या हुकमाला जाब विचारू शकतो. 1956 साली नागपूरला गिरणी कामगारांच्या दोन संघटनांत तंटा झाला, मॅजिस्ट्रेटनं 144 कलम पुकारलं. ते प्रकरणही सुप्रीम कोर्टात गेलं. अर्जदाराचं नाव तिथंही बाबुलाल पराते. 1961 ला निकाल लागला, कलम कायम राहिलं. आपल्याला तो गोड लागला नाही, मलाही नाही. पण त्याच निकालात आपल्या कामाचं आहे : मॅजिस्ट्रेटला हुकमात कारणं मांडावी लागतात, आणि ज्याच्यावर हुकूम बजावला त्याला दाद मागता येते.

1 जुलै 2024 पासून त्या कलमाचा नंबर 163 झालाय. तेव्हा गेटवर नोटीस लागली तर फाडू नका. नकल उतरवून घ्या. कारणं काय लिहिलीत ती चौघांत मोठ्यानं वाचा. राज्य सरकारनं मुदत वाढवली नसेल तर दोन महिन्यांपुढं मॅजिस्ट्रेटचा हुकूम चालत नाही, म्हणून तारीख बघा. कारणं पोकळ असतील तर हुकूम रद्द करायचा अर्ज द्या, आणि अर्ज फेटाळला तर का फेटाळला ते लेखी मागा. तो कागद युनियनच्या पेटीत जपून ठेवा. हायकोर्टात तोच लागतो.