गोळ्या नेमाने, तपासणी मात्र नाही

"डॉक्टर, एआरटीच्या गोळ्या मी एक दिवस चुकवल्या नाहीत. मग हा कॅन्सर आला कुठून?" पाथर्डीकडच्या एका ऊसतोड करणाऱ्या ताईंचा हा प्रश्न. गर्भाशयमुखाचा कॅन्सर, तोही पुढच्या अवस्थेतला. मी खाली मान घातली. उत्तर शास्त्राला ठाऊक होते. त्यांच्यापर्यंत ते वेळेत पोहोचवण्यात आम्ही डॉक्टर मंडळी कमी पडलो.

वाचकहो, एचआयव्ही शरीराचा पहारा ढिला करतो. घरात शिरणारा चोर बहुधा दुसराच असतो. रोग कोणाला, कुठे, किती होतो याची मोजदाद करणाऱ्या साथरोगशास्त्राने तो माग काढला. एड्सच्या रुग्णांत कापोसी सार्कोमा नावाचा कॅन्सर दिसे. लैंगिक संबंधातून एचआयव्ही झालेल्यांत तो रक्तातून लागण झालेल्यांपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे व्हॅलेरी बेरल व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवले. म्हणजे मूळ कारण वेगळेच, लैंगिक संबंधातून पसरणारे असावे. १९९४ मध्ये तो विषाणू सापडलाही!

आपल्याकडे कापोसी क्वचितच आढळतो. आपला खरा वैरी गर्भाशयमुखाचा कॅन्सर. अमेरिकेत १९९३ मध्ये एड्सच्या व्याख्येत त्याचा समावेश झाला. त्याचे कारण एचपीव्ही हा विषाणू; एचआयव्हीबाधित स्त्रीला धोका सुमारे सहापट.

याची मोजदाद आपल्या शेजारीच झाली आहे. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांवर स्त्रियांचा अभ्यास झाला. एचपीव्हीची एकदाच तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये जगापुढे आले.

कोणी म्हणेल, खेड्यातल्या बायका अशा तपासणीला लाजतात. त्याच अभ्यासात बोलावलेल्या दहांपैकी सुमारे आठ जणी आल्या. तेव्हा लाजेची सबब पुढे करू नये.

माझे स्पष्ट मत असे, की एआरटीच्या गोळ्या घेणाऱ्या प्रत्येक स्त्रीच्या कार्डावर या तपासणीची तारीख हवीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पंचविशीपासून दर ३ ते ५ वर्षांनी एचपीव्ही तपासणी सुचवली आहे. ऊसतोडीला निघण्याआधी ती उरकता येईल.

आणि ताईंनो, डॉक्टरांनी विचारले नाही, तर तुम्ही विचारा. गोळ्या मागता तशी तपासणीही हक्काने मागा.