इंग्रजी येत नाही म्हणजे नेमके काय येत नाही?

इंग्रजी विभागासाठी येणाऱ्या लिखाणासोबत बहुतेक वेळा एक माफीनामा असतो. ‘माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले आहे, चुका दुरुस्त करून घ्याव्यात.’ उर्दू माध्यमातून आलेली मुलेमुली हीच ओळ लिहितात, फक्त माध्यमाचे नाव बदलते. माफी मागण्यासारखे त्यात काही नाही, असे मी प्रत्येकाला कळवतो. पण कळवताना मला माझे पदवीचे पहिले वर्ष आठवते.

अर्थशास्त्राचे पुस्तक इंग्रजीत होते. एका पानाला एक संध्याकाळ लागे. प्रत्येक अनोळखी शब्दावर मी पेन्सिलीने अर्थ लिहीत असे. पान भरून जाई, पण लेखकाला काय म्हणायचे आहे ते कळत नसे. शेवटी गाइड आणले, उत्तरे पाठ केली आणि पास झालो. माझ्याबरोबरचे दोघेतिघे मात्र पहिल्या वर्षानंतर दिसले नाहीत. त्यांतली एक मुलगी माझ्यापेक्षा नक्कीच हुशार होती. ‘तिचे इंग्रजी कच्चे होते,’ एवढेच सगळे म्हणाले.

हा ‘कच्चे’ शब्द तपासून पाहणाऱ्या एका शिक्षिकेची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात काळ्या आणि प्वेर्तो रिकन विद्यार्थ्यांनी आंदोलन केले. त्यानंतर १९७० पासून शहरातल्या शाळांतून उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येकाला सिटी युनिव्हर्सिटीचे दार उघडले. ज्यांच्या घरी स्पॅनिश, चिनी किंवा वेगळ्या वळणाची इंग्रजी बोलली जात होती, अशी हजारो मुले वर्गात आली. त्यांचे निबंध पाहून अनेक प्राध्यापक म्हणाले, यांना शिकवता येणार नाही. मिना शॉनेसी यांनी उलट केले. १९७० ते १९७४ या काळातले सुमारे ४,००० प्रवेश-निबंध त्यांनी अभ्यासले आणि १९७७ मध्ये ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ हे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे साधे होते. या चुकांना तर्क आहे. मूल नियम लावते आहे, पण तो अर्धवट माहीत असलेला किंवा दुसऱ्या भाषेतला आहे. बुद्धी कमी नाही, सराव कमी आहे. म्हणून लाल शाईने पान रंगवण्याआधी शिक्षकाने चूक का झाली ते शोधावे.

पुढची गोष्ट तितकी सरळ नाही. १९७६ मध्ये आर्थिक संकटात या विद्यापीठातले मोफत शिक्षण संपले. अमेरिकेत इतरत्रही ‘कच्च्या’ मुलांसाठी वेगळे, बिनश्रेयांकाचे वर्ग वाढत गेले. मुले एकामागून एक पायऱ्या चढत राहिली आणि पदवीचा खरा वर्ग सुरू होण्याआधीच थकून निघून गेली. म्हणून २००७ मध्ये बाल्टिमोर काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजाने वेगळी वाट धरली. अशा विद्यार्थ्यांना थेट नेहमीच्याच वर्गात बसवायचे आणि त्याच शिक्षकाने लहान गटात जादा तास घ्यायचा. कॅलिफोर्नियाने २०१७ च्या कायद्याने सांगितले की पदवीच्या दर्जाचा इंग्रजीचा वर्ग विद्यार्थ्याला एका वर्षात पूर्ण करता येईल, अशी व्यवस्था कॉलेजांनी करावी. इंग्रजी ज्यांची दुसरी भाषा आहे, त्यांच्यासाठी ही मुदत तीन वर्षांची ठेवली. दाराबाहेर ताटकळत ठेवू नका आणि आत घेऊन एकटे सोडू नका, हा या साऱ्या अनुभवाचा अर्थ मी लावतो.

आपल्याकडे काय आहे? विद्यापीठ अनुदान आयोगाने अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्गीय आणि अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी उपचारात्मक वर्गांची योजना आखली होती. हेतू चांगला होता, पण ‘उपचार’ म्हटले की आजार आलाच. अशा वर्गात बसलेले कोणी पाहील, या संकोचाने मुले तिकडे फिरकत नाहीत. मग उरतो स्पोकन इंग्लिशचा क्लास. तिथे स्वतःची ओळख करून द्यायला शिकवतात. मुलाखतीला त्याचा उपयोग होतो, पण अर्थशास्त्राचे ते पान बंदच राहते.

ते पान उघडायला वेगळी कौशल्ये लागतात. प्रत्येक शब्दापाशी न थांबता परिच्छेदातले मुख्य विधान शोधणे, लेखकाचे मत आणि त्याने दिलेला पुरावा वेगळा करणे, वाचलेले स्वतःच्या शब्दांत चार ओळींत लिहिणे, त्याला सहमती किंवा विरोध कारणांसह मांडणे. हे आधी मराठीत किंवा उर्दूत करता आले तर इंग्रजीत लवकर जमते. शिवाय आपल्यापैकी अनेकांनी दहा वर्षांच्या आत डावीकडून आणि उजवीकडून अशा दोन्ही बाजूंनी लिहिल्या जाणाऱ्या लिप्या ओळखायला सुरुवात केलेली असते. घरी एक बोली, शाळेत दुसरी भाषा. ज्याला आपण कमतरता समजतो, ती खरे तर तयारी आहे.

म्हणून माझे दोन आग्रह आहेत. पहिला तुमच्या कॉलेजकडे. नव्या पदवी अभ्यासक्रमात भाषाकौशल्याला श्रेयांक आहेत. त्या तासांना पुन्हा धडे आणि पाठांतर नको, तुमच्याच विषयाची पुस्तके वाचायला आणि त्यांवर लिहायला शिकवा, असे लेखी निवेदन प्राचार्यांना द्या. एकट्याने नको, दहा सह्या घेऊन द्या.

दुसरा स्वतःकडे. मोहल्ल्यातल्या वाचनालयात किंवा कोणाच्या घरी आठवड्यातून एकदा चारपाच जण बसा. इंग्रजी पुस्तकाचे एकच पान घ्या. त्यावर आधी मराठीत बोला, मग इंग्रजीत पाच वाक्ये लिहा आणि एकमेकांना दाखवा. मुलींना घरून वेळ मिळत नसेल तर बैठक त्यांच्या सोयीने ठरवा, कारण पहिल्या वर्षानंतर न दिसणाऱ्यांत त्याच अधिक असतात, असे मी तरी पाहिले आहे.

आणि त्यातले काही आमच्याकडे जरूर पाठवा. चुका असतील तर आपण त्यावर बोलू. माफीची ओळ तेवढी नको.